नाव घ्यायचं नाही

खारूताईची बाही वर सरकली आणि बाईंच्या हातातली खळीची वाटी टेबलावर टेकता टेकता थांबली. दंडावर चार बोटं उमटली होती. जांभळी, शेजारी शेजारी. पाचवं आतल्या बाजूला असणार.

खारूताई चौतीस वर्षांची. मन मात्र सहा-सात वर्षांवरच घर करून बसलेलं. कागदी पिशव्यांच्या या कार्यशाळेत ती अकरा वर्षं येत होती. रंगीत तुकडे खिशात कोंबायची, म्हणून खारूताई. घड्यांचा ताल धरायला बाई ओवी म्हणायच्या आणि तिची बोटं त्यावर चालायची.

पहिली माझी गं घडी, कडेला लावू कड
लाडक्या गं लेकीला, शब्द नको बोलू जड

आज ओवी दोनदा म्हणून झाली तरी बोटं चालत नव्हती.

"कोणी केलं गं हे?" बाईंनी हळूच विचारलं.

खारूताईनं आजूबाजूला पाहिलं. मग बाईंच्या कानाशी तोंड नेलं. "दादा मारतात."

"का गं मारतात?"

"पाणी सांडलं."

दादा कोण, हे विचारायचं कारणच नव्हतं. रोज पाचच्या ठोक्याला तिचा मोठा भाऊ दाराशी येऊन उभा राहायचा. सारी कार्यशाळा त्याला दादाच म्हणायची. गॅरेजातला मेकॅनिक. हात काळे, चेहरा त्याहून काळवंडलेला, बोलणं धोंडा टाकल्यासारखं.

"दादा, तोंडाला जरा वंगण घाला की," रखवालदार चिडवायचा.

"तुमच्या तोंडाचं आधी उतरवा, मग बघू," एवढंच भाऊ बोलायचा.

खारूताई मात्र त्याला पाहिलं की "आला, आला!" करत त्याच्या शर्टाला लटकायची. मार खाणारं माणूस मारणाऱ्यालाच बिलगतं, असं बाईंनी प्रशिक्षणात ऐकलं होतं. तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

बाईंनी त्याच दुपारी संरक्षण अधिकारी मॅडमना फोन लावला.

"घरात आणखी कोण?" मॅडमनी विचारलं.

"आई दोन वर्षांपूर्वी गेली. वडील आहेत."

"त्यांना बोलावून घ्या. आणि एक नियम पक्का ध्यानात ठेवा. तिनं कोणाचं नाव घेतलं, ते घरातल्या कोणालाही सांगायचं नाही. नाव फुटलं की ते तिच्याच अंगावर उलटतं."

वडील दुसऱ्या दिवशी आले. निवृत्त कारकून. पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. आवाज असा, की झोपलेलं मूल जागं होऊ नये. दंडाचं ऐकताच त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसला.

"काय बोलू, बाई? आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"घरात तिची काळजी कोण घेतं?"

"तो मला घेऊ देईल तर ना! तिच्या खोलीला कडी बसवलीय त्यानं. मला, जन्मदात्या बापाला, लेकीजवळ जाता येत नाही."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी म्हाताऱ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

तिसऱ्या दिवशी भावाला बोलावलं. मॅडम कागद घेऊन समोर बसल्या होत्या, बाई बाजूला.

"बहिणीच्या दंडावरचे वळ तुम्हाला माहीत आहेत?"

भाऊ नखातला काळा मळ कोरत राहिला. "माहीत आहेत."

"कधीपासून चाललंय हे?"

"आई गेल्यापासून."

"तिनं आम्हाला सगळं सांगितलंय."

त्याची मान झटकन वर आली. "तिनं? स्वतःच्या तोंडानं सांगितलं?"

"हो."

एवढा मोठा माणूस, ओंजळीत तोंड घालून हमसून हमसून रडायला लागला. "बरं झालं. सुटलो एकदाचा," तो म्हणाला. "चूक माझी आहे, बाई. माझ्याच्यानं आवरलं नाही."

मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग कागद त्याच्यापुढे ठेवला. "चौकशी संपेपर्यंत तुम्ही तिला भेटायचं नाही. न्यायला यायचं नाही. घरीही जायचं नाही."

"मी पण?" तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "माझं काही नाही. गॅरेजात पडेन कुठेतरी. तिला सुरक्षित जागी ठेवणार ना?"

"त्याची काळजी आता आम्ही करू."

त्यानं सही केली. जाताना दाराशी थांबून, आजवर कधी न केलेली गोष्ट केली. बाईंना हात जोडले. बाईंनी नजर वळवली. त्यांना त्याची दया आली आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला.

संध्याकाळी पाच वाजता खारूताई दाराकडे बघत बसली होती. बाईंनी तिच्या केसांतून कंगवा फिरवला, गुंता अलगद सोडवला.

"आजपासून तुला कोणी मारणार नाही हं, राणी."

"आला?"

"तो नाही येणार. पण तुझे बाबा तुला घरी न्यायला येणार आहेत. तू त्यांच्यापाशीच राहायचंस आता, दोघंच."

फाटक वाजलं. पांढरा शर्ट अंगण ओलांडून, सावकाश पावलं टाकत दाराकडे येऊ लागला. बाई हसून उठल्या. तेवढ्यात खारूताई त्यांच्या पाठीमागे सरकली. तिनं बाईंचा हात गच्च धरला. बोटं गार पडली होती. मग ती टाचा उंचावून बाईंच्या कानाशी कुजबुजली,

"दादा आले."