शिळा सण

ड्रायव्हर दूध ढवळत होता. गाडी चालवताना बसायचा तसाच उभा होता. पाठ ताठ, नजर समोर, एका हातात पातेल्याचा कान. दुधातला गोड भात बुडाला लागला की सगळा वाया जातो, एवढं बायकोने त्याला शिकवलं होतं. आधी दोनदा त्याने तो करपवला होता. आज सण होता. आज करपून चालणार नव्हतं.

"अहो, खांदे जरा सैल सोडा. घाट नाही तो," बायको म्हणाली.

"घाट परवडला," तो म्हणाला.

निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. एसटीच्या नोकरीत होता तोवर सण म्हणजे जादा गाड्या. सगळं जग घरी निघायचं आणि त्यांना पोचवायला हा. स्वतः यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांनी, आणि दारातूनच ओरडायचा, "आणा, तुमचा शिळा सण आणा!" बायको वाढायची. लहानगी लेक समोर बसून त्याच्याबरोबर पुन्हा पोटभर जेवायची. पोट आहे की पोतं, म्हणून तो तिला चिडवायचा.

या वर्षी पहिला सण आला तेव्हा तो अंधारात उठला, दाढी केली, युनिफॉर्म चढवला आणि दारापर्यंत जाऊन गुपचूप परत आला. दुपारी ताटात काय, तर उकडलेले बटाटे. "विसरलेच मी, तुम्ही घरी आहात ते," बायको म्हणाली. तो दिवसभर फुगून बसला. पुढच्या सणाला सगळं वेळेवर झालं, पण घास उतरेना. रस्त्यावर हॉर्न वाजला की हा उठून खिडकीत. म्हणून यंदाच्या या शेवटच्या सणाचं त्याने आधीच जाहीर करून ठेवलं होतं: "एकदा तरी सणाच्या दिवशी, सणाच्या ताटावर, आपण तिघं. गोड भात मी करणार."

आणि आज सकाळी दवाखान्यातून फोन आला. लेक याच वर्षी नर्स म्हणून लागली होती. वॉर्डात माणूस कमी होतं. तिने बापाकडे पाहिलं. "जा बाई. दुखणं काही सुट्टी घेत नाही," बाप म्हणाला. तोंडाने म्हणाला. ती आता उद्या सकाळीच येणार होती.

दुपारी त्याची थोरली बहीण काठी टेकत आली.

"वास तर चांगला येतोय. म्हणजे तू केलेलं दिसत नाही."

"बस आक्का. आज खाऊनच बोल."

"वाढा बाई लवकर. जेवून गोळी घ्यायची आहे मला."

भात झाला. ड्रायव्हरने चमच्याने पातेल्याचं बूड खरवडून पाहिलं. पांढरं शुभ्र. त्याने तीन ताटं मांडली. मग एक वाटी काठोकाठ भरली आणि बाजूला ठेवायला उचलली.

"ही पोरीची. उद्या गरम करून देऊ. माझ्यासाठी काढून ठेवायचात तशी."

बायको स्वच्छ ओटा पुन्हा पुसू लागली.

आक्काला मात्र राहवलं नाही. "कसली वाटी घेऊन बसलास? अरे, मी आले होते एकदा सणाला तुझ्या घरी, चांगली नटूनथटून. पुढ्यात काय? उकडलेले बटाटे आणि मीठ! वर ही तुझी लेक, एवढीशी, मलाच सांगते, 'आत्या, आमचा सण उद्या असतो.' त्यानंतर सणाला तुझ्या दारात फिरकले नाही मी. आज तू घरी आहेस, म्हणून आले."

ड्रायव्हरच्या हातात वाटी तशीच राहिली.

"मग ते सकाळचं जेवण?"

"पहाटे उठून करत होते," बायको ओट्याकडेच बघत म्हणाली.

"आणि मी दरवेळी शिळा, शिळा करत होतो! सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं, तर गाडी चालवताना तेच डोक्यात घोळलं असतं तुमच्या. मागे माणसं बसलेली."

"पण इतकी वर्षं जिभेला कळलं नाही होय रे तुझ्या?" आक्काने विचारलं.

"मला वाटायचं, ही गरम छान करते."

कुणी हसलं नाही. वाटीतून वाफ येत होती. त्याने ती थोडा वेळ नाकाजवळ धरली, मग भात पातेल्यात परत ओतला आणि झाकण ठेवलं.

"हा आक्काला डब्यात भरून दे. दूध शिल्लक आहे ना?"

"आहे."

"मग पहाटे मला उठव."

"आणि तुम्ही आत्ता काय खाणार?" आक्का म्हणाली.

बायकोने मागच्या शेगडीवरच्या भांड्याचं झाकण काढलं. आत बटाटे होते, उकडून साली तडकलेले. लेक घराबाहेर पडली तेव्हाच तिने ते चढवले होते.

आक्काने कपाळावर हात मारून घेतला. "वन्सं, तुम्ही गोड भात घ्या हो," बायको म्हणाली.

"तुमच्या दोघांसमोर बसून एकटी गोड गिळू? सरक रे जरा."

ड्रायव्हर सरकला. त्याने एक बटाटा उचलला, चटका बसला तसा या हातातून त्या हातात खेळवला, सोलून बायकोच्या ताटात ठेवला आणि मीठ तिच्याकडे सरकवलं.