टाकीचं बूच

लष्कराच्या लिलावातून घेतलेली प्लासिडची डिझेल लॉरी महिनाभरापासून दोन-तीन मैल गेली की धापा टाकत बंद पडत होती. गोखिवऱ्याच्या काशिनाथ मिस्त्रीने नोझल काढून फवारा पाहिला, मग पंपाचा दाब पाहिला. दोन्ही ठीक होते. शेवटी त्याने टाकीचं लाकडी बूच उपटलं, तशी टाकीने फुस्सकन हवा आत ओढली.

"हवा आत गेल्याशिवाय तेल पुढे येणार कसं? दारूच्या बाटलीला ठोकतात तसं बूच कोणी ठोकलं हे?"

"मीच."

"आणि झाकण हरवल्यावर आल्बिनावहिनींनी लुगड्याचा तुकडा बांधला होता, तो कुठे गेला? त्यावर गाडी बिनतक्रार चालत होती."

"घरी आहे. पेटीत."

"मग आणून बांध की परत!"

प्लासिडने त्याच्या हातातलं बूच घेतलं.

"ती गेल्यावर तिची सगळी लुगडी वाटून टाकली, मिस्त्री. आता तिचं म्हणून तेवढंच उरलंय. धुतलं तरी डिझेलचाच वास येतो त्याला."

काशिनाथने भट्टीत खिळा तापवला आणि बुचाला भोक पाडून दिलं.