सुटला की सोडला

कादंबरीतली पात्रं आता पडद्यावर येऊन साक्ष देत. केतकीने दिवंगत वडिलांची एकमेव कादंबरी पहिल्या हस्तलिखितासकट यंत्राला वाचायला दिली.

"तुझा बाप जन्मात बोलला नाही, त्याचा नायक तरी बोलतो का बघू," वासंतीआत्या म्हणाली. नायक भार्गव पडद्यावर आला, तसं तिने विचारलं, "नदीत धाकट्या भावाचा हात सुटला, की तू सोडलास?"

आत्याचा धाकटा भाऊ थोरल्याबरोबर, म्हणजे केतकीच्या वडिलांबरोबर, पोहताना असाच बुडाला होता.

"छापलंय 'सुटला'. हस्तलिखितात आधी 'सोडला' होतं. ते खोडलंय."

"का सोडलास?"

"दोघंही बुडालो असतो. मग बहिणीला कोण होतं?"

आत्या पडद्याजवळ सरकली. "अरे दादा, मग त्याच बहिणीशी चाळीस वर्षं अबोला का धरलास?"

भार्गव म्हणाला, "ते त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही."