चार सेकंद

ऋतिकाने घड्याळ थांबवलं. पुन्हा चार सेकंद.

"सुशीलाताई, झाकण तुमच्याकडे तपासूनच येतं ना? मग तुम्ही ते परत का फिरवून बघता?"

"सवय हाय, मॅडम," सुशीला म्हणाली आणि हातातलं झाकण घाईघाईने डब्यावर बसवलं. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. तिचे कान लाल झाले.

वालीवच्या त्या गाळ्यात स्टीलचे डबे बनत. प्रेसमधून निघालेलं झाकण आधी ग्रेसीच्या टेबलावर येई. काठाला कुठे धार राहिली असेल तर ग्रेसी ते लाल क्रेटमध्ये टाके, चांगलं असेल तर शेजारी सुशीलाकडे सरकवी. सुशीलाने ते डब्यावर बसवायचं आणि डबा खोक्यात भरायचा, एवढंच काम. महिन्यापूर्वी शेठने सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं की खर्च उतरला नाही तर मोठी ऑर्डर हातची जाईल, तेव्हा कुठे काय वाचेल ते तुम्हीच सुचवा. त्यासाठी दाराशी एक पेटीही टांगली. पेटीत दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन्ही पंख्याबद्दल. मग शेठने आचोळ्याहून येणाऱ्या या नव्या इंजिनिअर पोरीच्या, ऋतिकाच्या हातात घड्याळ आणि तक्ता दिला. तक्त्याचे शेवटचे दोन रकाने होते : वेळ कुठे जातो आणि कोणामुळे.

"दिवसाला दोन हजार झाकणं," ऋतिका म्हणाली. "सव्वादोन तास होतात, ताई. मला काहीतरी लिहावं तर लागेल."

जेवणाची सुट्टी झाली होती. ग्रेसी भिंतीला हात लावत नळाकडे गेली होती. ती लांब गेल्याची सुशीलाने खात्री करून घेतली.

"तिला दिसत नाय," ती हळूच म्हणाली. "आठ महिने झाले. एखादं खराब झाकन सुटलं तर शेठ तिला घरी बसवील. म्हनून मी परत बघते. नाव लिवायचं तर माझं लिवा. सांगा, सुशीला सुस्त हाय."

ऋतिकाचं पेन हवेतच राहिलं. तिने वर पाहिलं. ग्रेसीच्या टेबलाच्या वर दिव्याची एक ट्यूब जास्तीची होती.

"आणि ही?"

"मीच मागितली. माझे डोले दुखतात, असं शेठला बोलले."

आता यावर काय लिहायचं, ते कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. ऋतिका उगाचच टेबलाखाली वाकून बघू लागली. तिथे सुशीलाचाही एक लाल क्रेट होता. त्यात चपला होत्या.

"यात चपला का ठेवल्यात?"

"रिकामाच असतो ना तो, म्हनून..."

सुशीला बोलता बोलता थांबली.

"आठ महिन्यांत तुम्हाला खराब किती सापडली, ताई?"

सुशीलाने आठवून पाहिलं. बराच वेळ आठवलं.

"एकबी नाय," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाकडून डबाबी कदी परत आला नाय."

ऋतिकाने ग्रेसीच्या क्रेटमधलं एक झाकण उचलून ट्यूबखाली धरलं. चकचकीत होतं, कुठे काही दिसेना. तिने काठावरून अंगठा फिरवला आणि "आई गं" म्हणून झटकला. रक्ताचा थेंब आला होता.

"कापलं ना?" ग्रेसी अ‍ॅप्रनला हात पुसत येत होती. "ती धार दिसत नाय, पोरी. हातालाच लागते. पाचूबंदरला होडी यायची तवा उजाडलेलंबी नसायचं. कोलंबी निवडायला दिवा कोन धरनार?"

तिने झाकण ऋतिकाच्या हातातून काढून घेतलं आणि क्रेटमध्ये परत टाकलं.

"ग्रेसीबाय," सुशीला चाचरत म्हणाली, "मी परत बघते, ते तुला ठावं होतं?"

"दर झाकनाचा आवाज दोनदा येतो. डोले गेलेत माझे, कान नाय."

"मंग बोलली का नाय?"

"तुला बरं वाटत होतं," ग्रेसी स्टूल चाचपून बसली. "आनि माझ्यामागं कुनीतरी हाय, म्हनून मलाबी."

सुशीलाला एकदम रडू आलं. तिने तोंड फिरवलं; ग्रेसीसमोर त्याची गरज नव्हती, तरी फिरवलं.

ऋतिकाने अंगठा तोंडात धरून दुसऱ्या हाताने तक्ता ओढला. झाकण एकदाच तपासावं, हाताने, असं तिने लिहिलं. शेवटच्या रकान्यातलं 'कोणामुळे' खोडलं नाही. त्याखाली ग्रेसीचं नाव लिहिलं आणि पुढे दोन शब्द घातले : वेळ वाचला. मग सुशीलाचा लाल क्रेट चपलांसकट उचलला.

"शेठना आधी हा दाखवते," ती म्हणाली. "डोळ्यांचं मग सांगू. आपण तिघी मिळून."

"अहो मॅडम, चपला तरी ठेवा!" सुशीला ओरडली. पण ऋतिका केव्हाच केबिनकडे निघाली होती.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ग्रेसीने भिंतीवर हात फिरवून बटण शोधलं आणि डोक्यावरची जास्तीची ट्यूब बंद केली.

"मंग ही कोनासाठी जालायची?"

प्रेस सुरू झाली. ग्रेसीने पहिलं झाकण काठावरून बोट फिरवून सरकवलं. सवयीने सुशीलाचा हात ते उलटायला गेला आणि अडला. तिने ते तसंच डब्यावर बसवलं. चार सेकंद उरले. तेवढ्यात ती ग्रेसीकडे बघत राहिली.

"बघतेस काय?" मान वर न करता ग्रेसी म्हणाली. "खोका भर."