शिव्यांचा रोज

यंत्र पाठीवर चढलं आणि सरजाबाईनं पहिल्यांदाच तोंड मिटून ठेवलं.

एरवी असं होत नसे. रेणुकानं मानवतजवळच्या शेडमध्ये कापूस वेचायचं यंत्र बनवायला घेतलं, तेव्हापासून प्रत्येक नवा नमुना आधी सरजाबाईच्या पाठीवर. दिवसभर वेचायचं आणि जिथं खुपेल तिथं यंत्राला तोंडाला येईल ती शिवी द्यायची. रेणुका सगळं वहीत उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी दुप्पट रोज द्यायची. गावात हसू झालं होतं. शिकल्यासवरल्या पोरीनं शिव्या खायला बाई ठेवली म्हणून.

आज मात्र बांधावर पुण्याचे साहेब उभे होते. त्यांनी पैसे घातले तर कारखाना, नाहीतर शेडला कुलूप. रेणुकाचा भागीदार नागेश सकाळीच येऊन हात जोडून गेला होता, "मावशी, आजच्या दिवस गोड बोला."

सरजाबाईनं दोन ओळी वेचल्या. नळी बोंडाला लावली की कापूस सरकन आत जाई. पण डावा खांदा पेटला होता.

"कसं काय, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"लय ब्येस हाय."

नागेशनं श्वास सोडला. रेणुका उघडी वही घेऊन तशीच उभी.

"मावशी, पट्टा सारखा का सरकवायलाव?"

"उगीच."

"उगीच न्हाई. गोड बोलायला गावात लय जण हायेत. तुमाला कशाला बोलावते मी?"

नागेश मागून मान हलवून नको नको म्हणत होता. सरजाबाईनं रेणुकाकडं पाहिलं. पोरगी रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. तरी पेन काढून उभी होती.

"मेलं हे काय यंत्र हाय?" सरजाबाई सुटली. "पट्टा खांद्यात रुतायलाय. दुपारपस्तोर हात वर उचलायचा न्हाई. ज्यानं शिवला त्यानं जन्मात वझं उचललं नसंल! साहेब, खोटं वाटत असंल तर घ्या पाठीवर."

नागेशनं डोळे मिटले.

साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि यंत्र खरंच पाठीवर घेतलं. अर्ध्या ओळीत थांबले. शर्टाची कॉलर बाजूला केली तर खांद्यावर लाल वळ.

"वर्षभरात पन्नास यंत्रं पाहिली," खांदा चोळत ते रेणुकाला म्हणाले. "सगळी ब्येसच होती. खोट काढायला पैसे देऊन माणूस ठेवलेला कुठं दिसला नाही. पट्टा बदला. पैसे याच महिन्यात मिळतील."

नागेश मटकन बांधावर बसला. रेणुकानं ओढणीनं डोळे पुसले आणि वही मिटली.

"मिटतीस कशाला?" सरजाबाई म्हणाली. "पट्ट्याचं झालं. नळीच्या मुठीचं अजून राहिलंय."