एकाला चार

मुलगा गेल्यापासून बायको ॲपल पायचं पीठ असं मोजून मळते की लाटल्यावर कातरणच उरत नाही. पूर्वी भरपूर उरायचं. दालचिनीची साखर भुरभुरून भाजलेल्या त्या पट्ट्या त्याच्या हक्काच्या. आता त्याचं नावही घरात निघत नाही. आज थँक्सगिव्हिंगचा सण. ती ओव्हन उघडतेय तेवढ्यात मी सुरीने पायची कच्ची कडच कापून काढली. “डोकं फिरलंय का? पाहुणे येतील इतक्यात!” “येऊ देत.” मी कपाटातली बरणी काढली; झाकणाला पोरानेच खिळ्याने भोकं पाडलेली. दोन वर्षांत आतल्या साखरेचा दगड झाला होता. तो फोडवेना, म्हणून वाटीत नवी कालवायला घेतली: एक चमचा दालचिनीपूड, एक चमचा साखर. ती जवळ आली. मग माझ्या हातातला चमचा काढून घेत म्हणाली, “अरे, एकाला चार चमचे साखर. वेस्लीला कडू चालत नाही.”