विहीणबाईंची तक्रार

"नाही," बाक्तिकान म्हणाली. "हे नाही."

उमसुनाईने दात आवळले. तिसऱ्यांदा नाही. लहान मुलांच्या बाकावर अवघडून बसल्याने तिच्या गुडघ्यांत कळा येत होत्या, आणि समोर ही विहीण, हाताची घडी घालून, परीक्षा घेतल्यासारखी.

शाळेच्या वर्गात समेटाचं शिबिर होतं. दोन वर्षांपूर्वी पाटाच्या पाण्यावरून वरची आळी आणि खालची आळी कुदळी घेऊन एकमेकांवर धावून गेल्या होत्या. तेव्हापासून गावात कोणी धड कोणाकडे चहाला जात नव्हतं. म्हणून बात्केन शहराहून मेइरीम नावाची मुलगी शिकवायला आली होती. गावकरी शिबिराला 'तोंड गोड करायची शाळा' म्हणत. मेइरीमचा नियम सोपा होता. समोरच्याची आपल्याबद्दलची तक्रार आपणच बोलून दाखवायची, तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत. मध्ये 'पण' आला की ती पेन्सिलीने बाक वाजवायची.

उमसुनाईला समेट नको होता. तिला नातू बघायचा होता. लेकीचं पोर सव्वीस दिवसांचं झालं आणि तिने अजून त्याची टाळूसुद्धा पाहिली नव्हती. पाळणा आजोळानेच न्यायचा असतो. तिने तो रंगवून घेतला, तीनदा विहिणीच्या फाटकापर्यंत नेला आणि तीनदा परत आणला. "पाळणा आहे आमच्याकडे," एवढंच बाक्तिकान आतून म्हणाली होती. मग कळलं, विहिणीने शिबिरात नाव घातलंय. तिला गाठायला हीच एक जागा उरली होती.

"बरं," उमसुनाई म्हणाली. "तुमच्या पाण्याच्या पाळीला आम्ही बांध फोडून पाणी वळवलं. तुमचे जर्दाळू वाळले. पण ती झाडं तर आधीच..."

टक, टक.

"जर्दाळूंचं मी कधीच सोडलं," बाक्तिकान म्हणाली. "सरपण तरी झालं."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

"मग लग्नात मी तुमच्याकडच्या पुलावाला नावं ठेवली, ते?"

"ठेवलीत. सगळ्या मांडवाने ऐकली. तेही नाही."

"मग तुम्हीच सांगा ना! का चारचौघांत माझी शोभा करताय?"

"आपा," मेइरीम हळूच म्हणाली, "अंदाज नका बांधू. विचारा त्यांना."

विचारा म्हणे. हिच्या तोंडाला अजून दुधाचा वास, आणि ही शिकवणार. उमसुनाईने खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. शेवटी कडू काढा एका घोटात संपवावा तसं बोलून टाकलं.

"माझं काय चुकलं, विहीणबाई?"

बाक्तिकानने हाताची घडी सोडली.

"तेमिरबेक गेले, तेव्हा तुम्ही आला नाहीत."

"आले नाही?" उमसुनाई ताडकन उठली. "जीभ झडेल तुमची! सगळ्या गावाने पाहिलं मला. तुमच्या अंगणातल्या दुखवट्याच्या तंबूत, तुमच्या पाठीमागे बसले होते. तुमच्या घरची रोटी तोंडात घातली!"

"पाठीमागे. मी तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. नवरा गेलेली बाई तशीच बसते, ठाऊक आहे ना तुम्हाला? कोण आलं ते मला गळ्यावरून कळायचं. जी आली ती फाटकापासून गळा काढत आली. तुमच्या आळीच्या बायकासुद्धा आल्या, ज्यांच्या नवऱ्यांची डोकी आमच्या पोरांनी फोडली होती. तीन दिवस मी तुमचा गळा ऐकायची वाट पाहिली. तुमची लेक माझ्या बाजूला बसली होती. तीही वाट पाहत होती."



उमसुनाई खाली बसली. खोटं काहीच नव्हतं. त्याच आठवड्यात पाटावरच्या मारामारीत तिच्या नवऱ्याच्या डोक्याला सात टाके पडले होते. जाईन, पण त्यांच्यासाठी टिपूस काढणार नाही, असं घरातून ठरवून ती निघाली होती. ओठ मिटून बसली, ओठ मिटून उठली. आणि दोन वर्षं सगळ्यांना सांगत राहिली की मी गेले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता हेच तुमच्या तोंडाने सांगा, आपा," मेइरीम म्हणाली.

उमसुनाईने तोंड उघडलं. मग तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले, अंग मागेपुढे डोलवलं आणि गळा काढला.

"अरे तेमिरबेका, आळीच्या आधारा, कुणाच्या भरवशावर सोडलंस रे हे घर... तांबड्या घोड्यावरून यायचास, पोरं पुढे धावायची रे..."

सुरुवातीला आवाज फाटका होता, उसना होता. तिसऱ्या ओळीला तिला रडू आवरेना.

मेइरीम गडबडून उठली. "आपा, हा सराव असा नाही करायचा..." शेजारच्या बाईने तिला दंड धरून खाली बसवलं.

"थांबा," बाक्तिकान म्हणाली.

उमसुनाई थांबली. बाक्तिकान उठली, बाकांमधून वाट काढत निघाली. चालली घरी, सगळ्यांना वाटलं. ती खिडकीशी गेली आणि तिच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या. कुंपणापलीकडे तिचंच अंगण होतं. दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती.

"घोडा तांबडा नव्हता, करडा होता," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर माया म्हणून नव्हती. "माझ्या माणसाला लोकांचे घोडे देऊ नका. पहिल्यापासून म्हणा. आणि मोठ्यानं म्हणा. तुमच्या लेकीला ऐकू गेलं पाहिजे."